बेस वाढवत गेले, तसा बेस हरवत गेला : खान्देशातल्या एका हौशी वाद्यवृंदाचं प्रकरण

पार्श्वभूमी

जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचा हा सात जणांचा वाद्यवृंद. दोन गायक, कीबोर्ड, ऑक्टोपॅड, ढोलकी, गिटार आणि बेस गिटार. सगळे हौशी. बेस वाजवणारे शाळेत शिक्षक आहेत, म्हणून गावात आणि ग्रुपमध्येही ते 'सर'. ऑक्टोपॅड वाजवणारा व्यवसायाने वायरमन. ही गोष्ट पुढे फार कामी आली. वर्षाचं वेळापत्रक सणांवर बेतलेलं : आखाजी (अक्षय्य तृतीया), लग्नसराईतल्या हळदी, श्रावणात कानबाई, मग गणपती आणि नवरात्र. निम्मी चित्रपटगीतं, निम्मी अहिराणी गाणी.

सरांची बेस गिटार जळगावहून जुनी घेतलेली. चार तारा, ३४ इंची स्केल (नटपासून ब्रिजपर्यंत तारेची लांबी), तारांची कंपनं पकडणारे दोन सिंगल कॉइल पिकअप, आत बॅटरी नाही, म्हणजे पॅसिव्ह. तारा तीन वर्षांपूर्वी गिटारसोबत आल्या त्याच. गिटारमधून १० मीटरची साधी केबल थेट मिक्सरच्या लाइन इनपुटात जायची. साउंड भाड्याचं, साउंडवाले दर वेळी तेच : १५ इंची दोन टॉप, १८ इंची दोन सब (खालच्या आवाजाचे स्पीकर).

अडचण

आखाजीच्या रात्री मैदानात कार्यक्रम झाला आणि मागे बसलेल्यांकडून एकच निरोप येत राहिला : "बेस ऐकूच येस नही भो." साउंडवाल्यांनी बेसच्या चॅनेलचा लो नॉब वाढवला, पुन्हा वाढवला, शेवटी जवळजवळ टोकाला नेला. सबच्या अ‍ॅम्पचे लाल दिवे लागू लागले, मंडपाचे पत्रे थरथरले, पण सूर काही कळेना. नुसतं घुमणं. ई आणि ए या जाड तारा धब्ब करून विझत आणि डी-जीच्या तारा गायब होत. गाण्यांच्या मधल्या शांततेत सतत हम, म्हणजे विजेची गुणगुण, येई.

आणखी एक तक्रार होती, ती कोणालाच उलगडत नव्हती. पांढरी पाचमधली गाणी आली की बेस बेसूर वाटायचा. ट्यूनर सूर बरोबर दाखवायचा. काळी एकमध्ये तीच गिटार बरी वाटायची.

इथे एक गोष्ट आधीच सांगायला हवी. मोकळ्या ई तारेचा मूळ सूर ४१ हर्ट्झचा, ए ५५, डी ७३, जी ९८. इतक्या खालच्या आवाजाला आपला कान मंद असतो. बेसचा सूर 'कळतो' तो बहुतांश त्याच्या वरच्या उपस्वरांवरून, साधारण १०० ते १००० हर्ट्झच्या पट्ट्यातून. त्यामुळे 'बेस ऐकू येत नाही' याचा अर्थ बहुतेक वेळा 'बेसचा मधला भाग ऐकू येत नाही' असा असतो. लो नॉब फिरवून तो मिळत नाही. उलट ऑक्टोपॅडचा किक आणि कीबोर्डचा डावा हात ज्या ६० ते १२० हर्ट्झमध्ये आधीच दाटीने बसलेत, तिथेच आणखी गर्दी होते. आखाजीला नेमकं तेच झालं.

पहिला निर्णय आणि तो का फसला

ग्रुपच्या फंडात १५ हजार रुपये होते. त्याच आठवड्यात एका मित्राच्या सल्ल्याने तारा बदलल्या. तारा बदलायला हव्या होत्या, यात वाद नाही. फसलं ते निवडीत. 'जाड तार म्हणजे जाड आवाज' या समजुतीने स्टेनलेस स्टीलच्या, राउंडवाउंड (वरचा वेढा गोल तारेचा असलेल्या), .०५० ते .११० इंचांच्या तारा आणल्या. २,४०० रुपये गेले आणि चार नव्या कटकटी आल्या.

एक, ताण. ३४ इंची स्केलवर .०४५ ते .१०५ चा साधा सेट मिळून नेकवर, म्हणजे गिटारच्या दांड्यावर, ७५ ते ८० किलोंच्या आसपास ताण देतो. या सेटने त्यात साधारण १० किलोंची भर घातली आणि नेक पुढे वाकली. दोन, नट, म्हणजे नेकच्या टोकाला तारा ज्यावरून जातात ती खाचांची पट्टी. त्यातल्या खाचा .१०५ साठी कापलेल्या होत्या. .११० ची ई तार खाचेत न उतरता वरच बसली आणि पहिल्या फ्रेटवरचा (नेकवरच्या पहिल्या आडव्या पट्टीवरचा) एफ चढा लागू लागला. तीन, जीची तार बसवण्याआधी फार आखूड कापली गेली, खुंटीवर जेमतेम एक वेढा राहिला आणि ती सारखी उतरू लागली. चार, स्टीलच्या खरखरीत तारांवर बोटं सरकल्याचा आवाज माइकमध्ये नाही, पण पिकअपमधून यायला लागला.

घरी छोट्या अ‍ॅम्पवर आवाज नक्की चकचकीत झाला होता. मिक्सरमधून मात्र फरक जाणवेना. या ठिकाणी ग्रुपने थांबून नीट विचार केला, आणि या प्रकरणातलं वळण हेच.

समोर असलेले पर्याय

नवा बेस अ‍ॅम्प घ्यावा, असं गिटारवाल्याचं मत होतं. पण मैदानात श्रोत्यांपर्यंत आवाज पोचतो तो मिक्सरमधून. फंडात बसणारा छोटा अ‍ॅम्प ऑक्टोपॅडशेजारी सरांनाच जेमतेम ऐकू आला असता, आणि मोठा अ‍ॅम्प फंडात बसत नव्हता.

बॅटरीवाली, म्हणजे अ‍ॅक्टिव्ह, नवी गिटार हा दुसरा पर्याय. तिने मिक्सरशी जोडणीचा प्रश्न सुटला असता हे खरं. पण त्या पैशांत मिळणारी गिटारही सेटअपशिवाय वाजवण्याजोगी येईलच असं नाही.

तिसरा पर्याय कीबोर्डच्या डाव्या हातानेच बेस वाजवायचा आणि सरांनी दुसरं वाद्य धरायचं. कीबोर्डवाल्यांनी हा स्वतःहून पुढे केला होता, भांडण म्हणून नव्हे. सरांनी नकार दिला तो योग्यच होता. अहिराणी गाण्यांच्या ठेक्यात ढोलकीला धरून चालणारी बेसची चाल बोटांनीच येते.

फ्लॅटवाउंड तारांचाही विचार झाला. त्यांचा वरचा वेढा सपाट असतो, त्यामुळे मळ कमी साठतो आणि त्या वर्षानुवर्षं टिकतात. डेट्रॉइटच्या मोटाउन स्टुडिओतला बेसवादक जेम्स जेमर्सन हा 'ला बेला' कंपनीच्या जाड फ्लॅटवाउंड तारा फारशा न बदलता वाजवत असे, आणि त्याचा बेस गाण्यात स्वच्छ कळतो. म्हणजे तार मंद झाली की ती वाईटच, असं नाही. वाईट असते ती असमान झालेली तार : कुठे मळ जास्त, कुठे फ्रेटवर घासून चपटी. अशा तारेचं वजन सगळीकडे सारखं राहत नाही आणि ती कुठल्याच फ्रेटवर धड सुरात लागत नाही. सरांच्या जुन्या तारा त्या अवस्थेला गेल्या होत्या. फ्लॅटवाउंडचा सेट महाग असल्याने आणि मूळ दोष अजून सापडला नसल्याने तो बेत पुढे ढकलला.

शेवटी ठरलं ते असं : बोटापासून स्पीकरपर्यंत एकेक टप्पा तपासायचा, एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि प्रत्येक बदलानंतर तीच ओळ वाजवून मोबाइलवर रेकॉर्ड करायची.

तारा आणि सेटअप

निकेल मुलामा दिलेल्या राउंडवाउंड, .०४५-.०६५-.०८५-.१०५ चा सेट आणला, १,९०० रुपयांचा. या वेळी तार खुंटीच्या पुढे १० ते १२ सेंटीमीटर राखली, आधी काटकोनात वाकवली आणि मगच कापली. आतली तार गोल असेल तर न वाकवता कापल्याने वरचा वेढा सैल सुटतो आणि कोरी तार मेल्यासारखी वाजते. टोक खुंटीच्या मधल्या छिद्रात घालून, वेढे वरून खाली उतरत जातील असे दोन-तीन घेतले, म्हणजे नटवर तार दाबून बसते. ताण दिल्यावर ब्रिजच्या सॅडलपाशी (बॉडीच्या टोकाला तार टेकते तिथे) आणि नटपाशी प्रत्येक तार अंगठ्याने हलकेच दाबली. जाड तार तिथे कमानीसारखी फुगून राहते. ती सरळ बसली नाही, तर सूर डळमळतो.

मग नेक. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा), नेक जिथे बॉडीला मिळते तिथल्या फ्रेटवर बोटाने दाब, आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांतली फट मोजायची. मोजायला दुचाकीच्या गॅरेजात टॅपेट लावताना वापरतात तोच फिलर गेज घेतला. ऑटो पार्टच्या दुकानात १५० रुपयांना मिळाला. जाड तारांवर ही फट ०.९ मिलिमीटर होती. नव्या सेटने ताण कमी होऊन ती ०.७ वर आली. हवी होती ०.३ ते ०.४.

ट्रस रॉडला, म्हणजे नेकचा बाक सुधारणाऱ्या आतल्या सळईला, हात लावताना सरांना धास्ती होती आणि ती रास्त होती. किल्ली घट्ट बसते की नाही हे आधी पाहायचं. जरा सैल बसणाऱ्या किल्लीने जोर लावला की रॉडच्या नटाचे कोपरे झिजतात आणि मग ते काम कारागिराचं होतं. घड्याळाच्या दिशेने पाव फेरा, पुन्हा सुरात लावणं, रात्रभर थांबणं. दुसऱ्या दिवशी आणखी पाव फेरा. फट ०.३५ वर आली. घाईने एकदम अर्धा फेरा दिला असता तर लाकूड दुसऱ्या दिवशी कुठे जाऊन थांबलं असतं, याचा अंदाज आला नसता.

अ‍ॅक्शन, म्हणजे तारेची उंची, सतराव्या फ्रेटवर मोजली. ई तारेखाली जवळजवळ ४ मिलिमीटर निघाली. ती २.५ वर आणि जीची २ वर आणली. इथे सरांच्या हाताबद्दल एक गोष्ट ध्यानात आली. तार उंच असल्याने ते तीन वर्षं जोराने दाबत आणि जोराने ओढत होते. दाबल्याने सूर चढतो, ओढल्याने सुरुवातीचा धब्ब मोठा होतो आणि मागचा सूर लहान. मंडपातलं घुमणं निम्मं इथून येत होतं.

इंटोनेशनसाठी, म्हणजे सगळ्या फ्रेटवर सूर बरोबर लागावा म्हणून, बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार नुसती स्पर्शून काढलेला सूर) आणि तिथेच दाबलेला सूर यांची तुलना केली. दाबलेला चढा असेल तर सॅडल मागे, उतरा असेल तर पुढे. मोबाइलच्या ट्यूनरला ४१ हर्ट्झची ई धड पकडता येत नव्हती, कारण लहान माइकपर्यंत तो सूर फार क्षीण पोचतो. बाराव्या फ्रेटचा हार्मोनिक ८२ हर्ट्झचा. तो दाखवल्यावर काटा स्थिर झाला.

सर्वांत शेवटी पिकअप. तारा खाली आल्याने त्या पिकअपच्या चुंबकांच्या फार जवळ आल्या होत्या आणि ई तारेवर वरच्या फ्रेटला गेल्यावर सूर थरथरत होता. शेवटचा फ्रेट दाबून ई खाली ३ आणि जी खाली २ मिलिमीटर अंतर ठेवलं.

हम, आणि पांढरी पाचचं कोडं

उलगडा कानबाईच्या कार्यक्रमाच्या तयारीत झाला. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. ई तारेवर तिसऱ्या फ्रेटला जी वाजतो, त्याची कंपनं ४९ हर्ट्झ. पांढरी पाच म्हणजे हाच जी. दोन सूर एका हर्ट्झने हुकले की सेकंदाला एक हेलकावा येतो. मोकळ्या जी तारेचे ९८ हर्ट्झ आणि हमचा दुसरा पदर १०० हर्ट्झचा, तिथे सेकंदाला दोन हेलकावे. सूर विझत जाई तसतसा हम वरचढ होई आणि शेपटाला बेस बेसूर वाटे. लो नॉब टोकाला असल्याने हमही तितकाच फुगलेला. गिटार सुरातच होती.

हम येत होता दोन ठिकाणांहून. पहिलं गिटारमध्येच. या जातीच्या गिटारमधले दोन पिकअप एकमेकांच्या उलट गुंडाळलेले असतात. दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडे असले की हम परस्पर कटतो. सर पुढच्या पिकअपचा व्हॉल्यूम पूर्ण आणि मागचा अर्धा ठेवत, त्यामुळे हम कटतच नव्हता.

दुसरं ठिकाण धोक्याचं होतं. मिक्सर दोन पिनांच्या एक्स्टेंशनवर चालत होता, कारण 'तिसरी पिन काढली की हम कमी होतो' हे साउंडवाल्यांनी कुठेतरी पाहिलेलं. वायरमन गड्याने गिटारच्या तारा आणि जमिनीत ठोकलेली अर्थिंगची सळई यांच्यात मल्टिमीटर लावला, तर १०० च्या आसपास व्होल्ट दिसले. अर्थिंग नसलं की उपकरणांच्या पॉवर सप्लायमधल्या फिल्टरमधून असा दाब अंगावर, म्हणजे गिटारच्या तारांवर येतो. करंट किरकोळ असतो, चिमटा बसल्यासारखं वाटतं. पण त्याच अवस्थेत एखाद्या उपकरणाचं इन्शुलेशन गेलं, तर एका हातात तारा आणि ओठाशी माइक असलेल्या माणसावर पूर्ण २३० व्होल्ट येऊ शकतात. त्याने तिथेच सांगितलं, "अर्थिंग लागेपर्यंत वाजवायचं नाही." स्टेजवरचं सगळं तीन पिनांच्या एकाच बोर्डावर आलं, मीटर शून्याजवळ गेला आणि हमही बराच उतरला. दहा गोष्टींतली एकच करायची असेल, तर ही करावी.

मिक्सरपर्यंतचा रस्ता

नव्या तारांची चमक मिक्सरमधून का येत नव्हती, याचं उत्तर जोडणीत होतं. पॅसिव्ह पिकअपला पुढचं इनपुट सुमारे १० लाख ओहमचं, म्हणजे १ मेगओहमचं लागतं. मिक्सरच्या लाइन इनपुटचा इम्पीडन्स साधारण १० ते २० हजार ओहम. इतक्या ओझ्याखाली पिकअपचे वरचे स्वर दबतात आणि आवाजही पडतो. त्यात १० मीटर केबल : मीटरमागे साधारण १०० पिकोफॅरड धरले तरी एक नॅनोफॅरडचा कपॅसिटर वाटेत बसलेला, तोही चमक खाणारा.

खर्च करण्याआधी खात्री करून घेतली. दुसऱ्या एका मंडळाच्या मिक्सरवर पहिल्या चॅनेलला गिटारसाठी हाय-झी, म्हणजे जास्त ओहमच्या इनपुटचं, बटण होतं. तिथे गिटार लावून बटण दाबलं आणि सोडलं. फरक ऐकायला जाणकाराची गरज पडली नाही. मग ३,२०० रुपयांचा अ‍ॅक्टिव्ह डीआय बॉक्स (गिटारचा सिग्नल मिक्सरला मानवेल असा करून देणारा डबा) घेतला. गिटारपासून त्याच्यापर्यंत ३ मीटर केबल, तिथून मिक्सरपर्यंत एक्सएलआर (माइकची तीन पिनांची केबल). केबलींचे १,१०० रुपये. डीआय मिक्सरच्या ४८ व्होल्ट फँटमवर, म्हणजे एक्सएलआर केबलमधूनच येणाऱ्या विजेवर, चालतो. फँटमचं बटण दाबताना सगळे चॅनेल म्यूट ठेवायचे, नाहीतर स्पीकरला मोठा धक्का बसतो.

इथे एक चूक होता होता राहिली. डीआयवर ग्राउंड लिफ्टचं (केबलमधलं ग्राउंड तोडणारं) बटण असतं आणि हम आला की ते दाबावं असं सर्रास सांगितलं जातं. पण स्टेजवर अ‍ॅम्प नसेल तर पॅसिव्ह गिटारला ग्राउंड मिळतं ते याच एक्सएलआरमधून. लिफ्ट केलं की हम वाढतो आणि काही डीआयचं फँटमही तुटतं. या जोडणीत ते बटण दाबायचं नाही.

मिक्सरवर लो नॉब परत मध्यावर आणला. साउंडवाले तयार नव्हते. "दादा, आधी बाराच मिनिटं ऐका, मग तुमच्या मनासारखं करा," अशी विनंती सरांनी केली. मिक्सरला फिरता मिड (मधला हवा तो पट्टा निवडून कमी-जास्त करायचा नॉब) एकच होता, त्यामुळे निवड करावी लागली : ८०० हर्ट्झ वाढवायचे की २५० कमी करायचे? ८०० वाढवल्यावर बेसची बोटं स्पष्ट झाली, पण गायकाच्या शब्दांना ती अडवू लागली. २५० हर्ट्झ पाच डेसिबलने उतरवून फेडर थोडा वर घेतला, तेव्हा दोन्ही मोकळे झाले. गायकांच्या आणि गिटारच्या चॅनेलचे लो कट (खालचा आवाज छाटणारी बटणं) दाबले. कीबोर्डवाल्यांनी डाव्या हाताने बेस वाजवणं थांबवलं, आणि मैदानातल्या आवाजात इतर कोणत्याही नॉबपेक्षा जास्त फरक याने पडला.

निकाल

गणपतीच्या कार्यक्रमात शेवटच्या रांगेतून मोबाइलवर रेकॉर्डिंग केलं. मोबाइलचा स्पीकर २०० हर्ट्झच्या खाली जवळजवळ काहीच वाजवत नाही. तरीही त्यावर बेसची चाल ओळखू आली, म्हणजे मधला भाग पोचत होता. आखाजीच्या रेकॉर्डिंगमध्ये तिथे नुसती ढोलकी होती. सबच्या अ‍ॅम्पचे लाल दिवे लागले नाहीत. खर्च एकूण ८,७५० रुपये, त्यातले २,४०० वाया.

सगळं सुटलं असं नाही. एलईडी पार लाइटच्या पॅनेलजवळ उभं राहिलं की सिंगल कॉइलमध्ये अजून किरकिर येते. सर जागा बदलून वेळ भागवतात. ढोलकीवाल्याला स्टेजवर बेस अजूनही कमी ऐकू येतो, त्याला मॉनिटर हवा आहे.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या तारा बदलण्याआधी नेकची फट आणि अ‍ॅक्शन मोजून लिहून ठेवायला हवी होती. जाड सेटने नेमकं किती बिघडवलं, हे आज सांगता येत नाही, कारण आधीचा आकडाच नाही. आता गिटारच्या बॅगेत एक वही असते.

तपासणीचा क्रमही उलटा हवा होता. अर्थिंग सगळ्यात आधी, कारण तिथे प्रश्न आवाजाचा नाही. मग मांडणी, म्हणजे कीबोर्डचा डावा हात आणि लो नॉब, कारण त्याला पैसे लागत नाहीत. मग उसन्या हाय-झी इनपुटवर चाचणी. तारा आणि सेटअप त्यानंतर. असं केलं असतं तर आखाजीनंतरच्या दुसऱ्याच हळदीत निम्मा फरक पडला असता.

गिटार कुठे ठेवली जाते, याकडे तर कोणाचंच लक्ष नव्हतं. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ वर जातो आणि गिटार दुपारभर बंद टेम्पोत पडून असे. कोरड्या हवेत फिंगरबोर्ड आक्रसतो आणि फ्रेटची टोकं कडेला बाहेर येऊन हाताला टोचतात. सरांच्या तळहातावरचे ओरखडे त्याचेच होते. ट्रस रॉडचं काम उन्हाळ्याच्या शेवटी केलं, पाऊस सुरू झाल्यावर नेक पुन्हा किंचित हलली आणि गणपतीआधी आणखी अष्टमांश फेरा द्यावा लागला. इथल्या हवेत वर्षातून दोनदा फट मोजणं धरूनच चालावं : एकदा आखाजीच्या सुमारास, एकदा श्रावणात.

निकेलच्या तारा घामाने नवरात्राच्या शेवटी मंदावल्या. त्या काढून दहा मिनिटं पाण्यात उकळल्या आणि पूर्ण वाळवून परत चढवल्या. वेढ्यांतला मळ निघाला, चमक आली, पण आठवडाभरच टिकली. आता प्रत्येक सेटनंतर तारा कोरड्या फडक्याने पुसल्या जातात. पुढच्या आखाजीला पुन्हा निकेल की फ्लॅटवाउंड, यावर सर आणि ढोलकीवाल्याचं अजून एकमत झालेलं नाही. दोन्हींची रेकॉर्डिंग त्याच डीआयमधून, त्याच ओळीवर करून मग ठरवायचं आहे.